हास्य, हत्या आणि प्रेक्षकाचा न्याय

रहस्यकथेतील खुनी एकच असतो. परंतु ती कथा पाहणाऱ्या दहा जणांचे अभिप्राय दहा असतात, आणि त्यांतला ग्राह्य कोणता व त्याज्य कोणता याचा निवाडा करण्यासाठी सर्वांना एका दिवाणखान्यात जमवून पुराव्याची मांडणी करणारा गुप्तहेर काही आपल्या वाट्याला येत नाही. कथेच्या आत सत्य अखेरीस निर्विवाद ठरते, आणि कथा संपल्यावर तिच्याविषयीचा वाद मात्र सुरू होतो. अभिरुचीच्या प्रांतात सत्य म्हणून काही असते की ज्याला जे भावले तेच त्याचे सत्य, हा प्रश्न येथे उभा राहतो. आणि ती रहस्यकथा विनोदी असली म्हणजे त्याच्या जोडीला धर्मविचारातला दुसराही एक प्रश्न येतो, तो असा की, जेथे मृत्यू घडला आहे तेथे माणसाने हसावे काय?

1985 साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा हे दोन्ही प्रश्न हिंदुस्थानातल्या घराघरांत एकाच वेळी शिरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पंकज पराशर यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पंकज कपूर यांचा करमचंद काळा चष्मा लावून, खिशातले गाजर कचाकच चावीत खुनाचा छडा लावी, आणि सुष्मिता मुखर्जी यांनी रंगविलेली त्याची भाबडी सहायिका किटी मध्येच काही अजागळ शंका काढून त्याच्याकडून दटावून घेई. पुढे 2007 साली ही मालिका नव्या संचात खाजगी वाहिनीवर पुन्हा आली. परंतु पहिल्या वेळी साऱ्या देशाला पाहण्यासाठी एकच दूरदर्शन होते, आणि म्हणून एका रात्रीचा भाग हा दुसऱ्या दिवशी सर्वांचा समाईक विषय होत असे.

कोल्हापुरास शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर, लाकडी सरकत्या दारांच्या पेटीतला कृष्णधवल संच मध्यभागी ठेवून आणि चौकात जाजम अंथरून, निम्मी गल्ली हा कार्यक्रम पाहावयास जमत असे. एका रात्री भाग संपला, पेटीची दारे सरकविण्यात आली, आणि मग खरी बैठक सुरू झाली. दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले एक नाझर म्हणाले, “पंचनामा नाही, जबान्या नाहीत, आणि म्हणे गुन्हा शाबीत! असला मुकदमा एक तारीखसुद्धा टिकायचा नाही.” तालमीतून अंग पुसत आलेला एक पोरगा हसून म्हणाला, “काय ओ रावसाहेब, पंचनामा बघाय कोण बसलंय? त्येचं त्ये गाजर बघा की!” शाहूपुरीतले एक गूळ-अडत्ये आपला जन्मभराचा अनुभव सांगून मोकळे झाले: “जो लई गोड बोलतोय त्योच चोर. मला तर सुरवातीलाच कळलं हुतं.” या सर्वांच्या मागे खांबाला टेकून बसलेल्या घरच्या आक्का मात्र जरा वेळाने बोलल्या, “मेलेलं माणूस अजून आत पडलंय, न् ह्यो खातोय. त्येची आई कुठं बसली आसंल, ती दावली का कुणी? हसू मला बी आलं, न्हाई आसं न्हाई. पर हसल्यावर कसंतरीच वाटलं.”

या चार अभिप्रायांना केवळ गल्लीतल्या गप्पा मानून सोडून देणे सोपे आहे. परंतु प्रेक्षकाच्या अभिप्रायाला नाट्यविचारात स्थान देण्याचे काम भरतमुनींनी फार पूर्वी केलेले आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशावरून ओळखावी हे सांगताना प्रेक्षकांचे स्मित, मोठ्याने हसणे, वाहवा, हळहळ, अंगावरचे रोमांच, जागेवरून उठून उभे राहणे, इतकेच काय, अंगावरची वस्त्रे व बोटांतल्या अंगठ्या रंगभूमीकडे फेकणे, या सर्वांची त्यांनी नोंद घेतली आहे. आणि ज्या नगरीत कुस्तीच्या फडात व तमाशाच्या बोर्डावर खूष झालेला रसिक डोक्यावरचा फेटा हवेत उडवितो, तेथल्या वाचकास ती नोंद अपरिचित वाटू नये. त्याच अध्यायात प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणारे दहा ‘प्राश्निक’ सांगितले आहेत, आणि त्यांत यज्ञवेत्ता आहे तसा नर्तक आहे, वैयाकरण आहे तसा चित्रकार आहे, राजा आहे तशी गणिकाही आहे. यातले मर्म असे की, प्रत्येकाचा अधिकार त्याच्या विषयापुरता आहे: धनुर्विद्येच्या जाणकाराने अंगाची ठेवण पाहावी, चित्रकाराने नेपथ्य पाहावे, राजसेवकाने दरबारी रीतिरिवाज पाहावेत. या न्यायाने आमचे नाझर पंचनाम्याच्या बाबतीत पक्के प्राश्निक ठरतात, आणि अडत्येही माणसाच्या बोलण्यावरून त्याचा माल जोखण्याच्या बाबतीत ठरतात. आपली हद्द ओलांडून ‘सबब हा कार्यक्रमच टाकाऊ’ असा हुकूमनामा ते काढतात, तेव्हा मात्र त्यांचा अधिकार संपतो.

भरतमुनींचे एक विधान मात्र या चौकात टिकत नाही. कोणास काय रुचते हे सांगताना त्यांनी तरुणांना शृंगार, विरक्तांना मोक्ष, शूरांना युद्ध आणि वृद्धांना पुराणकथा अशी वाटणी केली असून, हास्य व वेषभूषा यांत रमणाऱ्यांच्या पंक्तीस बालके, मूर्ख आणि स्त्रिया यांना एकत्र बसविले आहे. येथे तर हास्यात रमला तो तालमीतला जवान, आणि त्या हास्याची किंमत विचारली ती अक्षरशत्रू आक्कांनी.

आक्कांची हरकत अलंकारशास्त्राच्या परिभाषेत मांडता येते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात रसांचे परस्परविरोध सांगितले आहेत, त्यांत हास्याचे वैर भयानकाशी आणि करुणाशी आहे. म्हणजे विनोदी रहस्यकथा ही मुळातच दोन शत्रूंना एका छपराखाली नांदवू पाहणारी कृती आहे. हे तिला साधते, ते मृताविषयीचा शोक कथेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून. मेलेला माणूस आपल्या ओळखीचा होण्यापूर्वीच मरतो, त्याची विधवा रडते ती संशयित म्हणून, आणि त्याची आई तर बहुधा कथेत नसतेच. कलेच्या दृष्टीने ही योजना चतुर आहे, आणि तिच्यावाचून गाजराचे हसू फुटणारही नाही. परंतु ज्या समाजात शेजारी मयत झाली म्हणजे त्या घरची चूल पेटत नाही, पिठले-भाकरी शेजारून येते आणि समोरच्या दाराशीही कोणी मोठ्याने हसत नाही, त्या समाजातल्या वृद्धेने त्या वगळलेल्या आईची आठवण करावी, हे कलेचे अज्ञान म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. कथेने जे दडविले ते तिने हुडकून काढले. आणि गुप्तहेराचे काम याहून निराळे काय असते?

मग या चौघांत खरे कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कोल्हापूरकराला लांब जाण्याचे कारण नाही. याच शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा जैन मठ आहे. याच नगरीच्या राजाराम महाविद्यालयात 1930 पासून तीन दशके अर्धमागधीचे अध्यापन करणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची चिकित्सक आवृत्ती 1935 साली सिद्ध केली. आणि जैनांच्या अनेकान्ताचा, म्हणजे एकाच वस्तूला अनेक बाजू असतात हा, विचार या भागातल्या व्यापारी पेढ्यांवर व शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी विधानांची जी त्रिविध प्रतवारी केली ती येथे नेमकी लागू पडते. वस्तू अशीच आहे, असा हट्ट धरून बाकीच्या बाजू नाकारणे ही दुर्नीती. वस्तू अशी आहे, असे एका बाजूने सांगून इतर बाजूंविषयी मौन राखणे हा नय. आणि अमुक अपेक्षेने वस्तू अशी आहे, असे इतर बाजूंचे भान ठेवून सांगणे हे प्रमाण.

अनेकान्त म्हणजे सर्वांचेच खरे, असा जो सैल अर्थ हल्ली केला जातो तो या प्रतवारीपुढे टिकत नाही. खून कोणी केला, या प्रश्नास अनेक उत्तरे नाहीत, आणि तेथे प्रत्येकाने आपापला खुनी बाळगावा असे कोणताही जैन नैयायिक म्हणणार नाही. कार्यक्रम कसा होता, या प्रश्नास मात्र अनेक उत्तरे संभवतात; परंतु त्यांतही प्रतीचा भेद उरतोच. तालमीतल्या पोराचे मत नय होते, निरुपद्रवी आणि आपल्या जागी यथार्थ. नाझरसाहेबांचे मत नयातून निघून दुर्नीतीकडे घसरले. आक्कांनी मात्र आपल्याला हसू आले हे मान्य केले, म्हणजे पोराच्या मताला जागा दिली, आणि मग त्या हसण्यात काय हरवले तेही सांगितले. चौघांत दुसऱ्याची बाजू पोटात घेऊन उभे राहिलेले मत तेवढे एकच होते, आणि म्हणून माझ्या मते प्रमाणाच्या पदवीस पोचलेलेही तेवढेच.

मृत्यूपाशी हसावे काय, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच मतात आहे. हास्याला सरसकट मनाई करावी, तर एकनाथांच्या भारुडांपासून तमाशातल्या सोंगाड्यापर्यंत जी परंपरा मरणाच्या दारातही माणसाला हसविते, तीच मोडीत काढावी लागेल. आणि सरसकट परवाना द्यावा, तर ज्याच्या प्रेतावर खेळ मांडला तो माणूस होता, हेच विस्मरणात जाईल. हसावे, परंतु त्या हसण्यासाठी कथेने कोणाला बाहेर उभे केले आहे याचा हिशेब हसणाऱ्याने आपल्या मनाशी ठेवावा, एवढीच अट धर्मबुद्धीने घालावी आणि रसिकाने ती मानावी.

अशा मालिकांत हास्यास्पद ठरणारा अधिकारी प्रायः तोच असतो, जो पहिल्याच संशयितास बेड्या ठोकून प्रकरण दाखल-दफ्तर करू पाहतो. त्याच्या घाईला आपण खदखदून हसतो, आणि भाग संपताच त्याच घाईने कार्यक्रम उत्तम किंवा भिकार ठरवून मोकळे होतो. गुप्तहेराला आपला निष्कर्ष भर सभेत सकारण मांडावा लागतो. प्रेक्षकावर तशी सक्ती नाही. परंतु आपण कोठे बसून पाहिले आणि तेथून काय दिसले नाही, हे ज्याने मताबरोबर सांगितले, त्याच्याशीच पुढे वाद घालण्यात अर्थ आहे.