चारीच्या शेवटचे दैव

कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात, असे भगवद्गीतेचा अठरावा अध्याय सांगतो : अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. शेतीला ही मांडणी चपखल बसते. जमीन हे अधिष्ठान, शेतकरी कर्ता, बियाणे-खत-औजारे ही करणे, नांगरटीपासून मळणीपर्यंतचे कष्ट या चेष्टा. उरले ते दैव. कोरडवाहू शेतकऱ्याचे दैव म्हणजे पाऊस, हे कुणीही मान्य करील. पण पाटाखालच्या एक-दोन एकरांत उतारा घटला की तिथेही आपण नशिबाकडे बोट दाखवतो, ते मला पटत नाही. तिथले दैव बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे तरी कर्म असते.

कर्त्यात कसर असते असे म्हणावे, तर अमर्त्य सेन यांनी 1962 मध्येच लक्ष वेधले होते की भारतात लहान शेतांचे एकरी उत्पादन मोठ्या शेतांपेक्षा जास्त भरते. घरची माणसे तिथे अधिक राबतात. मग अडते कुठे? गव्हाचेच पाहा. पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या दिवसांत पाणी मिळाले नाही तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही युरिया टाकला तरी गेलेला फुटवा परत येत नाही. म्हणजे किती पाणी मिळाले याइतकेच कधी मिळाले हेही महत्त्वाचे, आणि ती वेळ चारीच्या शेवटच्या, म्हणजे टेलच्या, शेतकऱ्याच्या हाती नसते. वरचे लोक उसाला रात्रंदिवस दारे धरतात, आवर्तन संपते, आणि चारीच्या शेवटी पाणी पोचते तेव्हा गरजेची वेळ टळलेली असते. जादा पाणी वरच्याचेही भले करत नाही. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. तो मेळ म्हणजे वाफसा. शेत सतत तुंबलेले राहिले की वाफसा येत नाही, खालचे क्षार वर चढतात आणि उन्हात जमिनीवर पांढरी खपली धरते. सांगली-कोल्हापूरकडच्या, विशेषतः शिरोळ भागातल्या क्षारपड जमिनींमागे वर्षानुवर्षांचे हेच अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव आहे. पाणी उताराने झिरपते, त्यामुळे ज्याने ते सोडले त्याच्याइतकेच, कधी त्याच्याहून जास्त, खालच्याला भोगावे लागते.

कुणी म्हणेल, गीताच फळाची आस धरू नको म्हणते, मग उताऱ्याचा हा हिशेब कशाला? अनासक्ती ही ज्याची त्याने पाळायची साधना आहे. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी उचलून त्याला अनासक्तीचा उपदेश करणे हा अधर्मच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वरचा शेतकरी लोभी नसतो, घाबरलेला असतो. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसल्याने तो आजच शेत तुडुंब भरून घेतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच नुसत्या उपदेशाने काही होणार नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी पाणी मोजून घेतले, पाळी ठरवली, तेव्हा भीतीचे कारणच कमी झाले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तर हक्क जमिनीवर न ठेवता माणसागणिक ठेवला, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पाचव्या कारणातला मोठा भाग माणसांनी असा पहिल्या चारांत ओढून आणला.

तरीही खरे दैव उरतेच. गारपीट होते, धरण भरत नाही. ते कुणाच्या दोषाचे नाही हे मान्य करायलाच हवे; मात्र ते कुणी सोसायचे, हा निर्णय माणसांचाच असतो. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे. पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवत, आणि ती तूट सगळ्यांच्या वाट्याला येई.