आजारी कोंबडी आणि आपली अमानत

सकाळी खुराड्याचे दार उघडताच कोंबड्या पंख फडफडवीत अंगणात धावतात आणि एक मागे राहते. पिसे फुगवून, मान आखडून, डोळे अर्धे मिटून ती कोपऱ्यात बसलेली असते. ज्या घरांच्या परसात दहा-बारा कोंबड्या आहेत, तेथे हे दृश्य नवे नाही. त्यानंतर घरात उच्चारले जाणारे वाक्यही नवे नाही : "मरायच्या आत सुरी फिरवा, नाहीतर हराम होईल." आणि थोड्या हळू आवाजात दुसरे वाक्य : "आज बाजार आहे, नेऊन विका."

वाचक बंधू-भगिनींनो, या दोन वाक्यांचा आपण आज जरा थांबून विचार करू या.

पहिले वाक्य खोटे नाही. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मेलेले जनावर निषिद्ध ठरविताना, जिवंतपणी ज़बह केलेल्याला सवलत दिली आहे. जीव शिल्लक असताना रीतसर ज़बह केलेली आजारी कोंबडी केवळ आजारामुळे हराम होत नाही. परंतु सूरह अल-बकरामध्ये (आयत 168) माणसांना जे खाण्यास सांगितले आहे, ते हलालबरोबर 'तय्यब', म्हणजे शुद्ध व हितकारकही असावे अशी अट आहे. या दुसऱ्या शब्दाची आपल्या घरांत क्वचितच चर्चा होते. आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांच्याविषयी असे नोंदले आहे, की घाण खाणारी कोंबडी ते तीन दिवस कोंडून ठेवीत व मगच खात. कोंबडी हलालच होती, तरीही त्यांनी तीन दिवस वाट पाहिली. आपण मात्र आजाराचे नावही न विचारता हंडी चुलीवर चढवितो. मुलांच्या ताटात काय पडणार आहे, हा प्रश्न सुरी फिरविण्यापूर्वीचा आहे.

दुसरे वाक्य अधिक गंभीर आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला भाग ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसविणारा आमच्यापैकी नाही असे बजावले. पाय बांधून पाटीत ठेवलेली कोंबडी सुस्त दिसते ती आजाराने की उन्हाने, हे गिऱ्हाइकाला कळत नाही, विकणाऱ्याला कळते. ऐब लपवून केलेली ही विक्री आहे, आणि ती कोंबडी दुसऱ्याच्या खुराड्यात रोगही नेते. काही घरांत ती विकली जात नाही, मोलकरणीला 'सवाबसाठी' दिली जाते. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते अल्लाहच्या मार्गात देऊ नका, हा सूरह अल-बकराचाच (आयत 267) आदेश आहे.

मग करावे काय? अमानत ज्याच्या हाती असते, त्याला तिची स्थिती ठाऊक असावी लागते. कोंबडी आपले दुखणे लपविते. ते उघड दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून रोज पाहावे. संध्याकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती टणक लागली तर काहीतरी बिघडले आहे. तुरा फिकट असेल तर पोटात जंत किंवा खुराड्याच्या फटींत रात्री रक्त पिणारे किडे असू शकतात. तुरा निळसर-जांभळा पडणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, हिरवट पातळ विष्ठा, रक्ताची हगवण, मान वाकडी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

लक्षण दिसताच ती कोंबडी वेगळ्या डालग्याखाली, उबेत, पाण्यासह ठेवावी. दाणे आधी निरोगी कोंबड्यांना आणि मग तिला घालावेत व हात धुवावेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. औषध दिल्यास अंडी व मांस किती दिवस वर्ज्य, हेही विचारावे. वाचणे शक्यच नसेल तर तिला कुढत ठेवू नये. धारदार सुरीने, इतरांच्या नजरेआड तिचे हाल संपवावेत. पण ती खाण्याजोगी आहे असे त्यावरून समजू नये.

येथे कोणी म्हणेल, रोग आपोआप लागत नाही असे हदीसमध्येच आहे, मग वेगळे कशाला ठेवायचे? परंतु आजारी उंटांचे कळप निरोगी उंटांत आणू नयेत, हेही हदीसमध्येच आहे. विद्वानांनी दोहोंचा मेळ असा घातला आहे, की रोगात स्वतःची शक्ती नाही, जे होते ते अल्लाहच्या आज्ञेने; मात्र कारणांपासून दूर राहणे हीही त्याचीच आज्ञा. नशिबावर भार टाकून लस चुकविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावर औषध नाही, लस आहे : पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि सुमारे आठव्या आठवड्यात टोचायची लस.

एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर प्रश्न आपल्या परसापुरता राहत नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी उघड्या हातांनी स्पर्श करू नये, एकही पक्षी कापू नये, विकू नये, नाल्यात फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

कळविणे जड जाते, हे मान्य आहे. परसातल्या कोंबड्या बहुधा घरातल्या बाईच्या असतात. अंड्यांचे पैसे हीच तिची मिळकत, त्यातूनच मुलांच्या वह्या येतात. दहा कोंबड्या गेल्या तर ते नुकसान कोणी चटकन भरून देत नाही. शिवाय शेजारी म्हणणार, "तुमच्याकडूनच आले." तरीही त्याच दिवशी शेजारच्या दारात जाऊन सांगावे, त्यांच्या कोंबड्या अजून कोंडून ठेवता येण्यासारख्या आहेत तोवर.