अंधारातला बाण

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटीमीटर लांबीची एक मादी मुशी आली. अभ्यासकांनी निरखून पाहिलं तेव्हा कळलं, ही गंगा शार्क. नामशेष होण्याच्या अगदी काठावरची जात.

तिला ओळखणं सोपं नाहीच. बुल शार्क ही तिची जवळची नातलग. दोघी करड्या, जाडजूड, आखूड तोंडाच्या, बारीक डोळ्यांच्या. गंगा शार्कचा पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण निम्मा असतो, बुल शार्कचा त्याहून लहान.

कायद्यासाठी मात्र हा फरक डोंगराएवढा आहे. गंगा शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसली आहे. बुल शार्कही धोक्यात आहे, पण त्या पंगतीत तिचं पान नाही.

मग होडीत, टॉर्चच्या उजेडात जो फरक दिसतच नाही, त्याचा दोष कुणाचा?

‘माहीत नव्हतं’ ही सबब दशरथाकडेही होती. घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि श्रावण गेला. श्रावणाला ओळखलं नाही हा त्याचा दोष नव्हताच. कुणीच ओळखू येणार नाही अशा अंधारात बाण सोडला, हा दोष होता. जाळंही असंच, नाव न विचारता मारतं.

पण दशरथ शिकारीला गेला होता, उत्तनचा कोळी पोटासाठी जातो. आणि मासळी काशीमीऱ्याच्या इमारतींत आपण खातो, स्वस्त मिळाली की खूश होतो. त्या बाणाला आपलाही हात लागलेला आहे. म्हणून ‘शंका आली तर सोडून दे’ असं कोळ्याला नुसतं सांगून भागत नाही. सोडण्याची किंमत कोण मोजणार, हे आधी ठरवायला हवं.

महाराष्ट्रात त्याची सुरुवात झालेली आहे. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं, तर डिसेंबर २०१८ पासून सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. पण ही भरपाई संरक्षित जातींपुरती आहे. गंगा शार्क समजून बुल शार्क सोडली, तर जाळंही गेलं आणि मासळीही.

मला वाटतं, प्रामाणिक शंकेलाही भरपाई हवी. चुकून बुल शार्क वाचली, तर नुकसान पैशाचं, आणि तेही एका धोक्यातल्या जिवासाठी. चुकून गंगा शार्क मेली, तर ते कशानेच भरून येत नाही. श्रावणाच्या आईबापांना अख्खी अयोध्या दिली असती, तरी काय उपयोग होता?