काम थांबलंय, हे सांगायचं कुणी?

चार वर्षं मी एका कंपनीसाठी सबटायटल्स लिहीत होतो. नोकरी नव्हती. मिनिटामागे ठरलेला दर, महिनाअखेरीला इन्व्हॉइस, टीडीएस कापून खात्यात पैसे. सोमवारी सकाळी फाइल्स यायच्या. एका सोमवारी आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. 'या आठवड्यात काही आहे का?' असा मेसेज टाकला. निळ्या टिका उमटल्या, उत्तर आलं नाही.

काढून टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण मला कुणी काढलंच नव्हतं!

मग कायदा वाचायला बसलो. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई. औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला हा नियम आहे. तो कामगारासाठी. मी करारात 'स्वतंत्र व्यावसायिक' आणि काम 'असेल तसं'. खरं सांगायचं तर सही करताना मला ते शब्द आवडले होते.

अर्थात करारात काय लिहिलंय एवढ्यावर न्यायालयं थांबत नाहीत. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयानं नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे नोकरच मानलं. ते दुकानात बसून दुकानाच्या मशीनवर शिवत, आणि शिवण नीट नसेल तर मालक परत करून घेई. माझ्याही फाइल्स दुरुस्तीला परत यायच्या. पण मशीन माझं, खोली माझी, वीजबिलही माझं. म्हणजे अवजार स्वतःचं घेतलं की माणूस मालक होतो?

केलेल्या कामाच्या पैशांचं तसं नाही. उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योगांचा 2006 चा कायदा सेवा देणाऱ्यालाही लागू होतो. करारात काहीही लिहा, पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासकट. जुनं बिल मला मिळालं.

पुढच्या कामावर हक्क सांगता येत नाही, हे मलाही पटतं. मीही उद्या दुसरीकडे गेलोच असतो. पण चार वर्षं मी सोमवार मोकळा ठेवला, दुसरी कामं नाकारली, आणि हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या सोयीचंही होतं. अशा सवयीतून काहीच देणं तयार होत नाही का? काम नको, पण 'आता नाही' एवढे दोन शब्द? ते कळले असते तर सात आठवडे मी वाट पाहत बसलो नसतो.

हे सगळं मी तावातावानं मित्राला सांगत होतो, तेव्हा काकूंचा फोन आला. पैसे वाचवायला मी त्यांचा डबा बंद केला होता. म्हणजे आणायला जायचा थांबलो होतो.

"अरे, बरा आहेस ना? तीन दिवस झाले, डबा भरून ठेवतेय."

त्यांच्याशी माझा करार नव्हता. दोन वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला जात होतो, एवढंच. त्यांचे दोन डबे माझ्याकडेच होते. ते घासले, तीन दिवसांचे पैसे घेतले आणि गेलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

"पुढच्या महिन्यापासून धरू का तुला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "काम असेल तसं सांगतो."