सीटी स्कॅन: प्रत्यक्ष की अनुमान?

पोटाचा सीटी स्कॅन पडद्यावर आला की जठर डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाटते. न्यायदर्शनाच्या कसोटीवर मात्र ते प्रत्यक्ष नव्हे, अनुमान ठरते, असे माझे म्हणणे आहे. हे यंत्र जठराचा फोटो काढत नाही. क्ष-किरण शरीरात कुठे किती शोषले गेले, हे अनेक कोनांतून मोजून संगणक प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो: पाण्याला शून्य, हवेला उणे १०००. त्या आकड्यांच्या करड्या छटांनाच आपण चित्र म्हणतो. त्यात भिंत जाड दिसली, तर हाती फक्त हेतू, म्हणजे खूण, लागतो; लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, अजून सिद्ध व्हायचेच असते.

न्यायसूत्रांतल्या हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या हेतूंत, पहिला सव्यभिचार. हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळला, तर अनुमान ढासळते. जठराची जाड भिंत हा असाच हेतू. लिम्फोमात ती जाड होते, अडेनोकार्सिनोमात (अस्तरातल्या ग्रंथिपेशींच्या कर्करोगात) होते, साध्या सुजेनेही होते. जठर पाण्याने नीट फुगले नसेल तर निरोगी भिंतही जाड भासते. म्हणून रेडिओलॉजिस्ट आणखी खुणा शोधतात: जाडी खूप वाढूनही भोवतीचा चरबीचा थर शाबूत आहे का, वाढलेल्या लसिका ग्रंथी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांखालीही आहेत का. या खुणा लिम्फोमाकडे झुकतात, निर्णय देत नाहीत. उलट माल्ट या जठराच्या लिम्फोमाच्या एका प्रकारात सुरुवातीला स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो. इथली चूक महागात पडते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू औषधांनी नष्ट केल्यावर माल्ट लिम्फोमा ओसरू शकतो, हे १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, अडेनोकार्सिनोमात मात्र अनेकदा जठर कापावे लागते.

कोणी म्हणेल, बायोप्सीचा तुकडाही रंगवून, भिंगाखालीच पाहतात, तेही अनुमानच. मान्य. पण तिथे खुद्द पेशी समोर असतात आणि पेशींवरच्या सीडी२० सारख्या प्रथिनांच्या खुणांमुळे त्यांची जात ओळखता येते. तिथली व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा संबंध, कितीतरी घट्ट आहे. मग स्कॅन हवा कशाला? कारण आजार जठरापुरता आहे, पोटातल्या ग्रंथींत पोचला आहे की छातीपर्यंत गेला आहे, हे तुकडा सांगू शकत नाही आणि जठराच्या लिम्फोमाची लुगानो पद्धतीची अवस्था आजाराच्या या पसरण्यावरच ठरते. तिथेही लहान ग्रंथीत आजार दडलेला असू शकतो, मोठी ग्रंथी नुसत्या सुजेची असू शकते. तरीही बायोप्सीने आजाराचे नाव आधी पक्के झाले असेल, तर स्कॅनमधल्या त्याच खुणांना वजन येते. तेव्हा वाचकहो, रिपोर्टमध्ये ‘लिम्फोमाची शक्यता’ असे वाचलेत, तर तो निकाल समजू नका. बायोप्सी काय सांगते, हे डॉक्टरांना आधी विचारा.