आता कोणासाठी?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

स्वतःला वर काढायचं काम स्वतःच करायचं, स्वतःला खचू द्यायचं नाही, कारण आपला सोबती आपणच आणि वैरीही आपणच. मला समजलेला अर्थ हा असा. कॉलेजात मी तो परीक्षेच्या आधी हिंमत यावी म्हणून वाचायचो. गेल्या रविवारी तो मला एका वृद्धाश्रमात नव्याने भेटला.

माझी आत्या ७८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिने लग्न केलं नाही. माझं निम्मं लहानपण तिच्याच घरी गेलं. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही नवरा-बायको नोकरीवाले, दिवसभर घराला कुलूप. वृद्धाश्रमाचं तिनेच ठरवलं आणि मी "हो" म्हणालो. ते "हो" मला अजून टोचतं.

पहिले काही महिने वाईट गेले. वेणी नाही, व्यायाम नाही, ताटात अर्धं जेवण तसंच. काही म्हटलं की एकच उत्तर, "आता कोणासाठी रे?"

मी काय केलं? जास्तीचे पैसे भरून एक मावशी लावली. भरवणं, वेणी, सगळं तिनेच करायचं. बग कुठे आहे ते न बघता नुसते सर्व्हर वाढवावेत, तसं झालं. आत्या आणखीच गप्प झाली.

मग तिच्या खोलीतल्या आजींना दिसेनासं झालं. त्या म्हणाल्या, "बाई, मला ज्ञानेश्वरी वाचून दाखवाल?" रोज दुपारी चार वाजता. वाचायला अर्धा तास ताठ बसता यायला हवं, म्हणून व्यायाम सुरू झाले. पोथीला बसायचं म्हणून अंघोळ, वेणी, धुतलेली साडी. मावशींना तिने स्वतःच सांगितलं, "माझं मी करते."

दिवाळीनंतर त्या आजी गेल्या. आत्या पुन्हा अंथरूण धरणार, अशी मला भीती वाटली.

रविवारी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. समोरच्या कॉटवरची गादी गुंडाळलेली. आत्या वॉकर धरून उठली, तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि पोथी उघडून मोठ्याने वाचायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, आता कोणासाठी वाचतेस गं?"

पानावरून नजर न काढता ती म्हणाली, "मी ऐकते ना."

सहाव्या अध्यायातच माउलींनी पोपटाचा दृष्टांत दिलाय. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भाराने नळी फिरते, आणि तो घाबरून ती घट्ट धरतो. त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी बांधलंय. खरं तर पाय मोकळेच असतात. "आता कोणासाठी?" ही आत्याची नळी होती. आजींच्या निमित्ताने तिची पकड सैल झाली. त्या गेल्यावर मात्र ती पुन्हा धरायची नाही, हे तिचं तिने ठरवलं.

याच अध्यायात १७व्या श्लोकात भगवंत आहार, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागरण मापात ठेवायला सांगतात. त्याला वयाची अट नाही. वेळेवर दोन घास खाणं, पाय दहा वेळा उचलणं, स्वतःची वेणी स्वतः घालणं ही ७८व्या वर्षीची साधनाच आहे. आपण प्रेमापोटी ती त्यांच्या हातून काढून घेतो.

पण एक सांगतो, मित्रांनो. हा श्लोक आत्याने स्वतःसाठी घ्यायचा आहे. "ती स्वतःची सोबती आहे, मग मी कशाला जाऊ?" असं म्हणायला मी तो वापरला, तर मीच माझा वैरी. अपराधीपणाची नळी धरून दोन वर्षं मी भेटी टाळल्या, कारण तिथे गेलं की टोचायचं. पाय माझेही मोकळेच होते.

आज एक करूया. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावूया. "जेवलीस का, गोळी घेतलीस का?" हे विचारूच, पण त्यानंतर "आज काय वाचलंस?" हेही विचारूया. आणि उत्तर पूर्ण ऐकूया.

पुढच्या रविवारी चार वाजता मी त्या कॉटसमोर खुर्ची टाकून बसणार आहे. ऐकायला.

राम कृष्ण हरी!