नेम

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत मनू भाकर हिने पिस्तुलाच्या नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळविली. त्यांतील एक सरबज्योत सिंगाच्या जोडीने. त्याच सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे ह्याने रायफलीच्या नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले. अशा विजयानंतर जे व्हावयाचे ते होतेच. घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वडिलांजवळ हट्ट धरून बसते, आणि ज्या घरात विळी-सुरीपलीकडे दुसरे हत्यार कधी आले नाही, तेथे ‘पहिले पिस्तूल कोणते घ्यावे’ ह्या विषयाचा खल सुरू होतो.

हा खल बहुधा किमतीचा आणि कारखान्याच्या नावाचा असतो. घरातील एक पक्ष म्हणतो, ही क्रिकेटच्या बॅटीसारखीच वस्तू. चांगली पाहून घ्यावी म्हणजे झाले. दुसरा पक्ष म्हणतो, शस्त्र ते शस्त्र. ते उंबरठ्याच्या आत नको. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच घाई करणारे वाटतात. पहिला पक्ष वस्तूचा इतिहास विसरतो, दुसरा मनुष्याची शक्ती विसरतो. ‘कोणते पिस्तूल’ हा प्रश्न वरवर बाजाराचा दिसला, तरी त्याच्या पोटात एक फार जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. हाती धरलेले साधन धरणाऱ्याच्या मनास वळण लावते काय? आणि लावत असेल, तर पहिल्या साधनाची निवड कोणत्या कसोटीवर करावी?

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे वाल्मीकींनी करून ठेविला आहे. अरण्यकांडात सीता रामास एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्राने योद्ध्याचे रूप घेऊन त्या तपस्व्यापाशी एक खड्ग ठेव म्हणून ठेविले. ठेव सांभाळणे हा धर्म. म्हणून तो सत्यनिष्ठ पुरुष फळेमुळे आणावयास जातानाही ते जवळ बाळगू लागला. नित्य सहवासाने त्याची बुद्धी हळूहळू क्रूर झाली, तपाचा निश्चय सुटला, आणि अखेर तो नरकास गेला. कथेतील मर्म हे की तपस्व्याच्या मनात आरंभी काडीचाही दुष्ट हेतू नव्हता. त्याचा हेतू शुद्ध, कारणही धर्माचे; बिघाड झाला तो केवळ सहवासाने. ‘आमच्या मुलाचा हेतू निव्वळ खेळाचा आहे’ असे म्हणणाऱ्या पालकास सीतेचे उत्तर तयारच आहे. हेतूवर सारी भिस्त ठेवू नका. जवळ काय बाळगिले आहे तेही पाहा.

खेळाचे पिस्तूल निराळे, असा आक्षेप येथे निघेल. तो अर्धाच खरा आहे. ह्या खेळाचा उगम युद्धात आणि द्वंद्वात आहे, हे त्याच्या स्वतःच्या इतिहासावरूनच दिसते. जलद नेमबाजीच्या प्रकारात कित्येक वर्षे मनुष्याच्या आकाराची लक्ष्ये उभी करीत. पुढे ती काढून त्यांच्या जागी साधी वर्तुळे आणिली. हा बदल आम्हांस फार बोलका वाटतो. माणसाची आकृती समोर ठेवून खेळणे हा निव्वळ खेळ राहत नाही, अशी शंका खेळ चालविणाऱ्यांसही आली असली पाहिजे. नाही तर ती आकृती पुसण्याचे कारण काय?

सीतेच्या कथेस केवळ कविकल्पना समजणाऱ्यांसाठी आमच्या काळातील पुरावाही आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात पिस्तूल विकत घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लक्षावधी लोकांचा बारा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळले, आणि स्त्रियांत पस्तीसपटींच्या आसपास. पिस्तुलाने ह्या लोकांच्या मनात निराशा उत्पन्न केली असे आमचे म्हणणे नाही. निराशा कोणत्याही घरी येते, काही घटका बसते आणि बहुधा निघून जाते. पण त्या घटकांत हाताशी काय आहे, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. परीक्षेच्या निकालाने किंवा एखाद्या कठोर शब्दाने खचलेली मुले ज्या समाजात घरोघर आहेत, तेथे ही गोष्ट पालकांनी दृष्टीआड करून चालणार नाही.

मग नेमबाजीचा नादच सोडून द्यावा काय? आमच्या मते नाही. साधन मनास वळण लावते हे सीतेचे सूत्र एकदा मान्य केले, की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. वाईट वळण लागत असेल तर चांगलेही लागू शकेल. तेव्हा पाहावयाचे ते इतकेच की कोणते पिस्तूल नवशिक्यास काय शिकविते.

मोठ्या गोळीचे पिस्तूल घेऊ. त्याचा आवाज कानठळ्या बसविणारा, धक्का मनगटापासून खांद्यापर्यंत जाणारा. नवशिका त्यापासून पहिली गोष्ट शिकतो ती भीती. चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटतात आणि हात खाली दबतो. पुढे भीती जिंकली, की तो दुसरी गोष्ट शिकतो ती सामर्थ्याचा कैफ. ह्या दोहोंत नेम कोठेच नाही. आपल्याकडे ह्या कैफास इतिहासाचे एक कारणही आहे. १८७८ च्या कायद्याने परक्या सरकारने येथील प्रजा निःशस्त्र केली, तेव्हापासून शस्त्र जवळ असणे हे मानाचे आणि पुरुषार्थाचे लक्षण वाटू लागले. ते दिवस गेले. पण मान शस्त्रात असतो ही समजूत पुष्कळ ठिकाणी अद्याप रेंगाळत आहे.

आता हवेच्या दाबावर चालणारे, दहा मीटरांच्या नेमबाजीचे पिस्तूल पाहा. त्याचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, आवाज टाळीएवढा, धक्का जवळजवळ नाहीच. ते खेळणे मात्र नव्हे. त्याचा छर्रा डोळा सहज फोडील. ते एकाच हाताने, हात लांब करून धरावे लागते. चापास किमान पाचशे ग्रॅमांचा दाब हवा आणि पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत हवे, असा नियम आहे. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरांचे, म्हणजे अंगठ्याच्या नखाहूनही लहान. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरील दर्शक, एका मिलिमीटराने कलली तर छर्रा लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर दूर जातो. छर्ऱ्याचा वेग बंदुकीच्या गोळीच्या मानाने मंद. म्हणून चाप सुटल्यावर क्षणभर जरी हात ढिला पडला, तरी त्याची नोंद कागदावर होते. ह्या साधनापाशी दडवादडवीस जागा नाही. श्वास चुकला, मन भरकटले, घाई झाली, की भोक तसे सांगते. आणि दोष आवाजावर वा धक्क्यावर ढकलण्याची सोयही उरत नाही. पहिल्या साधनाची कसोटी हीच असावी, असे आम्हांस वाटते. जे आपणांस आपण आहोत त्याहून मोठे भासविते ते टाळावे, आणि जे आपला दोष आपल्यापुढे स्वच्छ मांडते ते स्वीकारावे.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनास पक्ष्याच्या मस्तकावाचून काहीच दिसत नव्हते, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. पिस्तुलाच्या नेमबाजीत ह्याच्या उलट शिकवितात. दृष्टी लक्ष्यावर खिळवावयाची नाही, ती माशीवर खिळवावयाची. लक्ष्य पलीकडे पुसट दिसले तरी चालते, किंबहुना तसेच दिसावे लागते. कारण लक्ष्य स्थिर असते. हलतो तो आपला हात. बाहेरच्या यशाकडे टक लावणाऱ्याचा हात कापतो, आणि स्वतःच्या हाताकडे लक्ष देणाऱ्याचा नेम साधतो. ज्या मुलास गुणपत्रिकेवाचून दुसरे काही दिसू नये अशी आपण व्यवस्था करून ठेविली आहे, त्यास हा धडा पदकापेक्षाही अधिक उपयोगी पडेल.

आमच्या भाषेने ‘नेम’ ह्या एकाच शब्दात दोन अर्थ साठविले आहेत. नेम धरावयाचा असतो आणि नेम पाळावयाचाही असतो. नेमबाजीच्या मैदानावर पाळावयाचे नेम थोडे पण कडक आहेत. पिस्तूल रिकामे असो वा भरलेले, त्याचे तोंड माणसाकडे वळता कामा नये. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर राहिले पाहिजे. नेमबाजी थांबताच नळीत रंगीत दोरी घालून ती रिकामी असल्याचे सर्वांस दिसले पाहिजे. ह्या नियमांच्या मुळाशी एक नैतिक तत्त्व आहे, ते म्हणजे स्वतःच्या खात्रीवर विश्वास न ठेवणे. ‘ते रिकामे आहे, मला ठाऊक आहे’ ह्या वाक्याने जगात पुष्कळ माणसे मेली आहेत. मी चुकू शकतो, आणि माझ्या चुकीची किंमत दुसरा देईल, एवढे ज्यास नित्याच्या आचरणाने पटले, त्याच्या हाती पिस्तूलच काय, अधिकारही निर्धास्तपणे द्यावा.

राहिला मालकीचा प्रश्न. आमचे मत असे की पहिले पिस्तूल पहिल्या वर्षी विकतच घेऊ नये. शिक्षणसंस्थेचे, अनेक हातांतून गेलेले पिस्तूल पुरे. हाताची ठेवण ठरल्यावाचून मुठीचे माप ठरत नाही, हे व्यवहाराचे कारण. ‘माझे’ ह्या शब्दाने शस्त्राशी जडणारे नाते कच्च्या वयात जडू नये, हे नीतीचे. कर्णपर्वात युधिष्ठिराने ‘गांडीव दुसऱ्यास दे’ एवढे म्हणताच अर्जुन थोरल्या भावावर खड्ग उपसून धावला. तसे म्हणणाऱ्यास मारण्याची त्याची प्रतिज्ञाच होती. कृष्ण आड आला म्हणून अनर्थ टळला. शस्त्रावरील ममता एवढ्या थोर पुरुषास ह्या थरास नेते, तर इतरांची काय कथा! उलट हंगेरीच्या कारोली ताकाच ह्याचे उदाहरण पाहा. १९३८ साली हातबाँब फुटून ह्या सैनिकाचा उजवा हात निकामी झाला. ज्या हाताने आजवर सारे मिळविले तोच गेला, तेव्हा त्याने डावा हात शिकविला, आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला जलद पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. त्याची विद्या हत्यारात नव्हती, हातातही नव्हती. ती त्याच्या नेमात होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीस, आपण हत्यारांची पूजा करितो. त्या दिवशी शस्त्र पाटावर असते, हाती नसते, आणि त्याच्या शेजारी सुताराचा रंधा व शिंप्याची कात्री त्याच मानाने मांडलेली असते. घरात पिस्तूल आणण्याचा दिवस कधी उगवलाच, तर ते असेच इतर साधनांतील एक साधन म्हणून यावे. त्यास कुलूप असावे, किल्ली वडीलमाणसांपाशी असावी, छर्रे दुसऱ्या ठिकाणी असावेत. मूल त्याविषयी बोलू लागले, की ते पिस्तुलाचे कौतुक सांगते की आपल्या श्वासाचे, एवढे आईवडिलांनी कान देऊन ऐकावे. श्वासाचे सांगत असेल तर खुशाल पुढे जाऊ द्यावे. पिस्तुलाचेच सांगत असेल, तर सीतेची ती कथा त्यास एकदा वाचून दाखवावी, आणि आणखी एक वर्ष थांबावे.